चहा वर आहे

"हा नाही तो तंबू," खार म्हणाली आणि जीपमधून उतरायलाच तयार होईना.

प्रवासभर तिने मावशीच्या मोबाइलवरचा फोटो इतक्या वेळा पाहिला होता की तो तिला पाठ झाला होता. फोटोत पांढराशुभ्र तंबू, त्याच्यापुढे लाकडी ओटा, ओट्यावर झुलती खुर्ची आणि कितीतरी खाली तांबड्या खडकांची वळणावळणाची घळ. समोर मात्र एक मळकट तंबू वाळूत एका बाजूने कलंडून उभा होता. घळ खाली नव्हती. घळीच्या भिंतीच दोन्ही बाजूंनी सरळ वर गेल्या होत्या आणि मध्ये आभाळाची निळी पट्टी तेवढी उरली होती.

"तंबू तोच आहे," मास्तरने चष्मा पुसत निरखून पाहिलं. "धुतला नाहीये एवढंच."

"आधी सगळे उतरा," कप्तान म्हणाली. "रुसायचं ते खाली उतरून रुसा."

तिघं सख्खी भावंडं. कप्तान तेरा वर्षांची. हे नाव तिला कोणी दिलेलं नव्हतं, तिचं तिनेच घेतलं होतं. मास्तर तिच्याहून वर्षाने लहान. कोणी न विचारलेल्या गोष्टी समजावून सांगण्याची त्याला फार हौस होती. आणि खार शेंडेफळ. भिंत, झाड, नळाचा पाइप, काहीही उभं दिसलं की ती त्यावर चढायची. दर सुट्टीत मावशी आणि काका या तिघांना कुठेतरी घेऊन जात. या खेपेला मावशीने वाळवंटातली ही प्रसिद्ध घळ निवडली होती आणि राहायला साधं हॉटेल नको, ग्लॅम्पिंगच हवं, असा हट्ट धरला होता.

"म्हणजे तंबूतच राहायचं, पण राजासारखं," तिने सगळ्यांना समजावलं होतं.

कॅम्पचा मॅनेजर लगबगीने पुढे आला. त्याच्या एका हातात मोबाइल होता आणि तो हात सतत डोक्याच्या वर धरलेला होता. "स्वागत आहे, स्वागत आहे. निसर्गाच्या अगदी कुशीत आहात तुम्ही. फक्त रेंज येत नाही इथे, तेवढं सांभाळून घ्या."

सांभाळून घ्यायच्या गोष्टी मग एकेक करून निघत गेल्या. गाद्यांवर बारीक वाळू होती. दिव्यांची माळ होती, पण ती लागत नव्हती. तंबूमागे मोठा थोरला पांढरा बाथटब होता आणि त्यात पालापाचोळा घेऊन एक सरडा राहत होता. नळ सोडल्यावर तो दोनदा खोकला आणि गप्प बसला.

"पाणी संध्याकाळी येईल," मॅनेजर म्हणाला.

"अगं, साहस समज ना याला," काका मावशीला म्हणाले.

"साहस मी ऑफिसात रोज करते. इथे मला गादी हवी होती." मावशी चादर झटकू लागली. चादर झटकून संपली तरी वाळू काही संपली नाही.

कॅम्पवर आणखी एकच कुटुंब होतं, एक आजी आणि आजोबा. आजी दातांच्या डॉक्टर होत्या. पोरांना भेटताच त्यांनी आधी तिघांचे दात पाहिले आणि मग नावं विचारली. आजोबांचा गुडघा दुखरा होता, म्हणून ते दिवसभर कापडी आरामखुर्चीत बसून शब्दकोडी सोडवत. स्वयंपाकाला एक बाई होत्या. त्या आठवड्यापूर्वीच कामाला लागल्या होत्या. त्यांचा चहा मात्र असा होता की पहिल्या घोटाला मावशीचाही राग अर्धा उतरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खार नेहमीप्रमाणे भिंतीवर चढली. घळीचा खडक थरांचा होता, पावलं ठेवायला जागोजाग कंगोरे. खाली मास्तर तिला या थरांचं वय सांगत होता आणि ती ऐकत नव्हती. तंबूच्या कळसाच्या वर पोहोचल्यावर ती थांबली.

"इथे एक चप्पल आहे."

"कोणाची?" कप्तानने खालून विचारलं.

"मला काय माहीत. फटीत घट्ट अडकलीये. निघत पण नाही."

"एवढ्या उंचावर चप्पल कोण विसरेल?" मास्तर म्हणाला. "आणि एकच?"

खारीने इकडेतिकडे पाहिलं. "गवत पण आहे. वाळलेलं, काड्यांमध्ये गुंतलेलं. आणि पलीकडच्या फटीत प्लास्टिकची बाटली आहे. तिच्यापुढे दोरीचा तुकडा."

"सगळं तेवढ्याच उंचीवर?" मास्तरचा आवाज बदलला.

"हो. ओळीने लावल्यासारखं."

मास्तर उठून उभा राहिला. तो समोरच्या भिंतीजवळ गेला, मान वर करून तिच्या कडेकडेने चालत राहिला आणि परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"समोर पण तशीच ओळ आहे," तो म्हणाला. "काड्या, गवत, चिंध्या. त्याच उंचीवर. कप्तान, नदीला पूर येऊन गेला की पुलाच्या खांबांना असाच कचरा अडकलेला असतो."

कप्तानने पायाखाली पाहिलं. वाळू मऊ होती, बारीक होती आणि तिच्यावर लाटांसारख्या रेघा होत्या. मध्ये मध्ये गुळगुळीत गोटे पडले होते. कालपासून वाळवंट म्हणून ज्यावर ती चालत होती, ते नदीचं कोरडं पात्र होतं.

"म्हणजे आपला तंबू नदीत आहे," ती हळूच म्हणाली.

"आणि ती चप्पल तंबूच्या डोक्यावर आहे," मास्तर म्हणाला.

यापुढचा प्रश्न खारीनेच विचारला. "मग फोटोतला ओटा कुठाय?"

स्वयंपाकाच्या तंबूमागे खडकात कोरलेल्या पायऱ्या होत्या. पायथ्याशी साखळी आणि साखळीला पाटी: 'वर काम चालू आहे. प्रवेश बंद.' तिघांनी ती पाटी नीट वाचली आणि मग साखळीखालून वाकून ती वर गेली.

वर काम चालू नव्हतं. हातोडी नव्हती, सिमेंट नव्हतं, माणूस तर नव्हताच. घळीच्या कडेला सपाट खडकाचा रुंद पट्टा होता आणि त्यावर लाकडी ओटे एका रांगेत उभे होते. फळ्या धड होत्या. तंबू बांधायच्या लोखंडी कड्या जागच्या जागी होत्या. एका ओट्यावर झुलती खुर्चीही लटकत होती. खार तिच्यात जाऊन बसलीसुद्धा.

"तंबू इथेच होते," कप्तान म्हणाली. "मग खाली का नेले?"

उत्तर ओट्यांच्या मागे सापडलं. तिथे पाण्याचा पंप होता, खालून पाणी वर खेचणारा. त्याचा पट्टा तुटला होता आणि आत मुंग्यांनी घर केलं होतं. पंपाचा पाइप मधूनच कापलेला होता.

"पंप बिघडला," मास्तर म्हणाला. "मग वर पाणी न्यायचं तर बादल्या घेऊन या पायऱ्या चढायच्या. रोज. त्यापेक्षा मॅनेजरकाकांनी तंबूच पाण्यापाशी खाली नेले."

"आणि तंबूपाशी पाणी आपणहून आलं तर?" खारीने झुलता झुलता विचारलं.

त्यावर कोणी हसलं नाही. कारण तेवढ्यात कप्तानने उजवीकडे बोट दाखवलं होतं. घळ जिकडून येत होती, तिकडे लांब, अगदी लांब पठारावर आभाळ काळंशार झालं होतं. ढगातून जमिनीपर्यंत करड्या रेघा लोंबत होत्या. इथे डोक्यावर लख्ख ऊन होतं.

खाली काका डोळ्यांवर टोपी ठेवून आडवे झाले होते.

"काका, आपण नदीत झोपलोय," कप्तान म्हणाली.

"बरं झालं. गार वाटेल."

"काका, खरंच. वर पाऊस पडतोय."

"पडू दे की. इथे कुठे पडतोय?" टोपीखालून आवाज आला आणि त्यापाठोपाठ घोरणं.

मावशी म्हणाली, "वाळवंटात कसली आलीये नदी? आधी नळाला पाणी येऊ दे, मग नदीचं बघू."

मॅनेजर तर खो खो हसला. "मी इथे आल्यापासून एक थेंब पडलेला नाही, बाळांनो."

"इथे पडायची गरजच नाही," मास्तर म्हणाला. "तिकडे वर पडला की झालं. खडक पाणी पीत नाही. ते सगळं उताराने या घळीतूनच येणार."

"सुट्टीतसुद्धा शाळा चालूच का तुमची?" मॅनेजरने मास्तरच्या डोक्यावर टपली मारली. "वर गेला होतात ना साखळी ओलांडून? पुन्हा जायचं नाही. धोका आहे तिथे." आणि मोबाइल उंच धरून तो पुन्हा रेंज शोधू लागला.

तिघं तंबूच्या सावलीत बसली. खारीला रडू येत होतं, पण तिने ते दाबून धरलं होतं.

"आपणच वर जाऊन बसू," ती म्हणाली.

"आणि हे सगळे?" मास्तर म्हणाला.

कप्तान बराच वेळ वाळूत रेघा ओढत होती. शेवटी तिने त्या पुसून टाकल्या. "मोठ्या माणसांना धोका दिसत नाही. पण चहा दिसतो. चला."

स्वयंपाकाच्या बाई नुकतीच शेगडी पेटवत होत्या. कप्तानने त्यांच्यापासून काही लपवलं नाही. चप्पल सांगितली, काड्यांची ओळ सांगितली, ढग सांगितले आणि म्हणाली, "तुम्ही आजचा चहा वर केलात तर सगळे वर येतील. तुमच्या चहासाठी येतीलच."

बाई बाहेर आल्या. भिंतीवरच्या चपलेकडे त्यांनी मान वर करून पाहिलं. मग आपल्या तंबूच्या टोकाकडे पाहिलं. त्या आत गेल्या, शेगडी विझवली आणि पातेलं कप्तानच्या हातात दिलं.

"साखरेचा डबा कोण घेतंय?" एवढंच त्यांनी विचारलं.

सामान वर पोहोचलं. खारीला सगळ्यात टोकाच्या ओट्यावर उभं केलं. तिथून घळीचं वरचं वळण स्वच्छ दिसत होतं. तिच्या हातात स्टीलची परात आणि पळी होती.

"पाणी दिसलं की बडवायचं," कप्तानने बजावलं. "गंमत म्हणून नाही."

"कळतं मला," खार म्हणाली आणि खरोखरच तिने एकदाही गंमत केली नाही.

पहिला मॅनेजर. कप्तान त्याच्याजवळ जाऊन सहज म्हणाली, "मॅनेजरकाका, वर ओट्यांवर आज रेंज येतेय. मावशीच्या मोबाइलवर मी आत्ताच पाहिली. पूर्ण." यात काही खोटं नव्हतं. पण वाक्य संपायच्या आत मॅनेजर साखळी ओलांडून निम्म्या पायऱ्या चढला होता.

मग आल्याचा वास घळीत उतरला. काका टोपी बाजूला करून उठून बसले. "चहा कुठाय?"

"चहा वर आहे," मास्तर म्हणाला.

"वर का?"

"देखावा छान दिसतो तिथून."

"निदान काहीतरी छान दिसू दे," मावशी म्हणाली आणि कुरकुरत का होईना, निघाली. दातांच्या डॉक्टर आजी कॅनव्हासचे बूट घालून सगळ्यांच्या पुढे चढल्या. आजोबा मात्र खुर्चीतून हलले नाहीत.

"माझा कप खाली पाठवून द्या रे. हा गुडघा पायऱ्या चढणाऱ्यांतला नाही."

कप्तान त्यांच्यासमोर उकिडवी बसली. आता युक्ती चालणार नव्हती. तिने त्यांना सगळं खरं सांगितलं. आजोबांनी पेन्सिल कानावर ठेवली आणि तिच्या डोळ्यांत पाहिलं.

"चेष्टा नाही ना?"

"नाही, आजोबा."

"मग हे सकाळीच का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की. सगळ्यांना सांगितलं."

"खरंय. मीही ऐकलं होतं, तुझ्या मावशीला सांगत होतीस तेव्हा. मला वाटलं, खेळताय." त्यांनी खुर्चीचे हात धरून उठायचा प्रयत्न केला आणि कळवळून परत बसले.

मास्तर पायऱ्यांकडे धावला. काकांनी नुकताच पहिला घोट घेतला होता. "काका, आजोबांना खुर्चीसकट वर आणायचंय. तुमच्याशिवाय जमणार नाही." कोणाला आपली ताकद हवी आहे म्हटल्यावर काकांनी कप खाली ठेवला.

त्याच वेळी ओट्याच्या टोकाला मॅनेजरचा मोबाइल वाजला. त्याने हसतमुखाने कानाला लावला आणि त्याचं हसू ओसरत गेलं. वरच्या गावातला त्याचा ओळखीचा जीपवाला होता. सकाळपासून तो फोन लावत होता. तिकडे ढगफुटीसारखा पाऊस झाला होता आणि नाला रस्त्यावरून वाहत होता.

मॅनेजरने मोबाइल ओट्यावर तसाच टाकला. काकांच्या मागोमाग तोही पायऱ्या उतरू लागला, दोन दोन एकदम.

आजोबांची खुर्ची एका बाजूने काकांनी आणि दुसऱ्या बाजूने मॅनेजरने उचलली. कप्तान पुढे वाट दाखवत होती. मास्तर मागून खुर्चीला हात लावून होता. पायऱ्या अरुंद होत्या. पाचदहा पायऱ्या चढले असतील नसतील, तोच वरून परातीचा आवाज आला. ठण, ठण, ठण, न थांबता.

"थांबू नका," कप्तान म्हणाली. "खाली बघू नका. पुढची पायरी उंच आहे, काका."

आधी गार वारा आला. त्याला ओल्या मातीचा वास होता. मग दूरवरून एखादा मोठा ट्रक यावा तशी घरघर. वळणावरून तपकिरी फेसाची एक रेघ पुढे सरकली, काड्या आणि पानं ढकलत, अगदी सावकाश, जणू कोणाच्या हातून कप सांडला असावा. तिच्या मागे मात्र पाणी नव्हतं, भिंत होती.

खुर्ची वरच्या खडकावर टेकली. सगळे ओट्याच्या कडेपासून मागे सरकून उभे राहिले. खाली तंबू आधी फुगले, मग दोरांसकट उपटले आणि ओल्या पिशव्यांसारखे वळणापलीकडे गेले. गाद्या गेल्या. आजोबांचं शब्दकोडी ठेवायचं टेबल गेलं. सगळ्यात शेवटी काठोकाठ भरलेला पांढरा बाथटब डुलत डुलत निघाला.

"अखेर टबात पाणी आलं," मावशी म्हणाली. मग ती एकदम खाली बसली, तिने खारीला जवळ ओढलं आणि कितीतरी वेळ सोडलं नाही.

"सरडा?" खारीने तिच्या कुशीतून विचारलं.

"तो बघ." मास्तरने बोट दाखवलं. सरडा पायऱ्यांच्या कठड्यावर येऊन बसला होता. त्याला कोणी सांगावं लागलं नव्हतं.

पाणी चपलेच्या फटीपर्यंत चढलं, तिला घेऊन गेलं आणि तिथेच थांबलं. संध्याकाळपर्यंत ते निम्म्याने उतरलं. खाली उतरायला वाट नव्हती, पण मॅनेजरने वरच्या गावाला फोन केला होता आणि सकाळी मदत येणार होती. बाईंनी चहा पुन्हा टाकला. बिस्किटांचा डबा वर आलेला होता, त्याची वाटणी झाली.

डॉक्टर आजींनी कप खाली ठेवला आणि मॅनेजरला समोर बसवलं, दात काढायला बसवावं तसं. "काम चालू आहे, असं लिहिलंय पाटीवर. कुठलं काम?"

मास्तरने पंप दाखवला, कापलेला पाइप दाखवला आणि ओट्यांच्या रिकाम्या कड्या दाखवल्या. सांगण्यासारखं मग फार उरलंच नाही.

"पंप दुरुस्त व्हायला वेळ लागणार होता," मॅनेजर पुटपुटला. "मला वाटलं, तोवर खाली काय बिघडतंय. इथे पाऊस पडत नाही ना."

"या मुलाने तुला सकाळी सांगितलं होतं. तू त्याला टपली मारलीस." आजींचा आवाज चढला नव्हता, तरी मॅनेजरचे कान लाल झाले. तो उठून मास्तरसमोर आला.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "तू बरोबर सांगत होतास." आणि थोडं थांबून, "खडक पाणी पीत नाही, ते पुन्हा एकदा सांग. मला आमच्या मालकांना सांगायला लागेल."

मास्तरने सांगितलं. या खेपेला सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. कप्तानने तर एक शंकाही विचारली, जिचं उत्तर तिला माहीत होतं.

काका आपला गार झालेला कप हातात फिरवत होते. "मी झोपलो होतो," ते कप्तानला म्हणाले. "तू मला उठवत होतीस आणि मी थट्टा करत होतो. यापुढे माझ्या तोंडावरची टोपी काढून फेकून द्यायची. परवानगी आहे."

"मी विचारणारच नव्हते," कप्तान म्हणाली. काका हसले आणि त्यांनी तिची पाठ थोपटली.

सकाळी घळीत गुडघाभर गढूळ पाणी उरलं होतं. मदत पथक वरच्या बाजूने पायवाटेने आलं. पथकाच्या प्रमुख एक उंच बाई होत्या, पायात चिखलाने माखलेले बूट. त्यांनी आधी माणसं मोजली, आजोबांच्या गुडघ्याला पट्टा बांधला आणि मग विचारलं, "सगळ्यांना वेळेवर वर कोणी आणलं?"

"चहाने," आजोबा म्हणाले. मग त्यांनी तिघांना पुढे केलं आणि पहिल्यापासून सगळी हकिगत सांगितली, खारीच्या परातीसकट.

प्रमुखबाईंनी ती मध्ये न बोलता ऐकून घेतली. "आम्ही धावत आलो असतो तरी उशीर झाला असता," त्या म्हणाल्या. "काम तुम्ही केलंत. एक काम अजून राहिलंय, तेही तुम्हीच करा."

त्यांनी पिशवीतून तांबड्या रंगाचा डबा आणि ब्रश काढला. पायऱ्यांच्या बाजूच्या भिंतीवर ओल्या मातीची रेघ स्वच्छ दिसत होती. तिथे खूण करायची होती, म्हणजे यापुढे तिच्याखाली कोणी तंबू ठोकणार नाही.

चढायचं म्हटल्यावर ब्रश कोणाकडे जाणार हे ठरलेलंच होतं. प्रमुखबाईंनी खारीच्या कमरेला दोर बांधला आणि त्याचं टोक स्वतःच्या हातात धरलं. खार कंगोऱ्यांवर पाय ठेवत सरकली, ओल्या मातीच्या रेघेपाशी थांबली, विचार केला आणि हातभर आणखी वर चढली. मग जीभ दातांत धरून तिने लांब, जाड, तांबडी रेघ ओढली.

"पाणी तेवढं वर आलं नव्हतं," प्रमुखबाई खालून म्हणाल्या.

"माहितीये," खार म्हणाली. "हे पुढच्या पाण्यासाठी आहे."

प्रमुखबाईंनी मान डोलावली आणि रंगाचा डबा तिला पोहोचेल असा आणखी उंच धरला.